आत लेकरू झोपलंय

आमच्या घरमालकांनी आयुष्यात कुणाला 'नाही' म्हटलं नाही, आणि कुणाला सहजासहजी आतही सोडलं नाही. या दोन गोष्टी एकाच माणसाला कशा जमतात, हे मला त्यांच्या घरात भाड्याने राहायला गेल्यावर कळलं.

लातूरच्या जुन्या वस्तीतलं ते घर. पुढच्या दोन पत्र्याच्या खोल्या आमच्या, मागच्या तीन त्यांच्या, मध्ये गल्लीला उघडं अंगण आणि अंगणात कडुलिंब. आमचं दारही अंगणातच उघडायचं. घराणं पिढ्यान्‌पिढ्या तिथलंच. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणायची, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. एका मोठ्या सरकारी कचेरीत, सगळ्यांत मोठ्या साहेबाच्या दाराबाहेर, त्यांनी तीस वर्षं चपराशी म्हणून काढली होती. साहेब आले, बदलून गेले, नवे आले. चाचा आणि त्यांचं स्टूल तेवढं जागचं हललं नाही. निवृत्त झाले त्या वर्षी कचेरीने मोडकं सामान लिलावात काढलं, तेव्हा चाचा सकाळपासून रांगेत उभे राहिले आणि ते स्टूल डोक्यावर घेऊन घरी आले. चाची सांगायच्या, "लोगां नोकरी संपल्यावर अजमेरला जातात. हे लाकूड घेऊन आले."

त्या स्टुलावर ते एरवी बसत नसत. बसायला खाट होती, ओटा होता. "स्टूल ड्यूटीचं हाय," एवढंच सांगायचे, आणि महिन्यातून एकदा त्याला तेल लावायचे.

कचेरी सुटली तरी कचेरीच्या सवयी सुटल्या नव्हत्या. स्वतःच्या स्वयंपाकघरात शिरतानाही ते दारात थांबून खाकरत, आणि चाचींनी "आव" म्हटल्याशिवाय पाऊल टाकत नसत. वर्तमानपत्र मात्र ते उलटं धरून वाचायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, बिचाऱ्यांना वाचता येत नसावं, आणि मी अगदी हळुवार आवाजात विचारलं की वाचून दाखवू का. चाचांनी मला आतल्या पानावरची कांद्याच्या भावाची बातमी घडाघडा वाचून दाखवली. तीस वर्षं टेबलाच्या पलीकडून साहेबाच्या पुढ्यातले कागद वाचल्यामुळे त्यांची नजर त्या बाजूने पक्की झाली होती. सरळ धरलेल्या कागदाने त्यांचं डोकं दुखायचं.

माझी लेक चार महिन्यांची होती तेव्हा भूकंप झाला. लातूर शहर तसं वाचलं. पण त्या पहाटे आमच्या दाराची कडी आपोआप खडखडायला लागली होती. मी झोपेत म्हणाले, "कोण आहे?" आणि मग पत्रे वाजले, भांडी पडली, आणि आम्ही पोरीला उचलून अंगणात धावलो. पुढे कित्येक दिवस आम्ही, चाचा, चाची, सगळे त्या कडुलिंबाखालीच राहिलो. नंतर घरात आलो, पण पोरीच्या मनातून ती कडी काही गेली नाही. बाकी कशानेच दचकायची नाही. कुकरची शिट्टी होवो, कुत्री भुंकोत, तिला काही नाही. पण झोपेत कडी वाजली की डोळे उघडायची, तोंड उघडायची आणि आवाजच निघायचा नाही. श्वास अडकायचा. ओठ निळे पडायचे. मी तिला उचलून पाठ चोळायची, तोंडावर फुंकर मारायची, आणि कधीतरी तो श्वास परत यायचा. तेवढ्या वेळात मी काय काय बोलायची हे आता आठवायला नको वाटतं.

डॉक्टर म्हणाले, "घाबरू नका. मोठी झाली की जाईल. तोवर तिला दचकवू नका."

हे सांगायला सोपं होतं. नवरा कॉलेजात तासिकेवर रसायनशास्त्र शिकवायचा आणि नुकताच त्याने खाजगी क्लास काढला होता. लातूरच्या निकालांचा गाजावाजा तेव्हा असा सुरू झाला होता की देगलूरपासून परभणीपर्यंतचे बाप आपल्या लेकराचं बोट धरून लातूरची गाडी पकडायचे. त्यांच्या गाड्या दुपारी एकच्या सुमाराला पोचायच्या. स्टँडवर भाकरी खाऊन, तोंड धुऊन, पत्ता विचारत ते बरोबर दीडला आमच्या दारात हजर व्हायचे. पोरगी बरोबर एकला झोपायची. आणि आपली माणसं कडी कशी वाजवतात हे काय सांगायचं. आत माणूस आहे की नाही हे विचारण्यासाठी नाही, तो बाहेर येईपर्यंत वाजवतात.

मी कडीला फडकं गुंडाळलं. लोकांनी दारावर थापा मारल्या आणि त्या धक्क्याने कडी वाजलीच. मी पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून लावलं, 'बाळ झोपले आहे. कृपया कडी वाजवू नये.' लोक तो पुठ्ठा एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवायचे, आणि मग बाळ केवढं आहे हे विचारायला कडी वाजवायचे.

उन्हाळा तोंडावर आला, पोरगी दहा महिन्यांची झाली, आणि एकाच आठवड्यात तिचा श्वास तीनदा अडकला. तिसऱ्या वेळेला मी नवऱ्याला अंगणात उभं राहूनच सांगितलं, "अजून पंधरा दिवस बघते. नाही थांबलं हे, तर मी पोरीला घेऊन कंधारला जाते आईकडे. तुझा क्लास तू चालव, वर्षाने भेटू." राग नव्हता तो. माझ्यात दम उरला नव्हता. क्लास बंद केला तर खायचं काय, आणि चालू ठेवला तर बायको-पोर राहणार नाही, अशी नवऱ्याची गत झाली होती.

चाचा तेव्हा झाडाला पाणी घालत होते. त्यांनी बादली खाली ठेवली, खाकरले आणि म्हणाले, "बेटी, तू कुठं जात न्हाईस. उद्यापासून मी बसतो."

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला चाचा टोपी घालून, इस्त्रीचा सदरा घालून आमच्या दाराबाहेर स्टुलावर बसले. मांडीवर दोरीची फाईल. पाठ दाराला इतकी लावलेली की कडीपर्यंत हात पोचवायचा तर आधी चाचांना हलवावं लागेल. पहिला गडी आला तो देगलूरकडचा एक शेतकरी, बरोबर मिसरूड फुटलेला मुलगा. मी खिडकीच्या फटीतून बघत होते.

"सर हाईत का?"

"बसा," चाचा म्हणाले.

"न्हाई, सर घरी हाईत का?"

"बसा ना. लांबून आलेत. पाणी घ्या."

पाणी झालं. गावाची विचारपूस झाली. मग चाचा म्हणाले, "काम काय?"

"लेकराला क्लासला घालायचं हाय."

"अर्ज?"

"अर्ज न्हाई आणला."

"मग लिहा की," असं म्हणून चाचांनी फाईलमधून कोरा कागद काढून दिला. बापाने मुलाला लिहायला बसवलं. अर्ज झाला. चाचांनी तो उलटा धरून वाचला आणि परत दिला. "तारीख न्हाई." तारीख घातली. "विषय लिहा वर." विषय लिहिला. "मौजे लिहिलं, तालुका कुठं?" असं करत करत तीन वाजले, माझी लेक आपली आपण उठून झोळीतून पाय बाहेर काढून हसायला लागली, आणि चाचा उभे राहून अदबीने म्हणाले, "जावा आत. सरांनी बोलावलंय." सर पाच मिनिटांपूर्वी कॉलेजातून मागच्या दाराने आले होते.

मी चाचांना म्हणाले, "तुम्ही सरळ सांगा ना, सर घरी नाहीत म्हणून."

"बेटी, माणसाला 'न्हाई' म्हणलं की तो दार वाजवतो. 'बसा' म्हणलं की बसतो."

खोटं मात्र ते एका शब्दाने बोलत नसत. कुणी फारच खनपटीला बसलं तर सांगत, "आत लेकरू झोपलंय." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर फार समाधान असायचं. एकदा मला म्हणाले, "तीस वर्षं साहेब आत झोपलेले असायचे अन् मी 'मीटिंगमध्ये' म्हणायचो. आता आत कोण झोपलंय ते खरं खरं सांगायला मिळून राहिलं." कुकर विकायला येणारे, विमावाले, देणगीची पावती फाडणारे, सगळ्यांना त्यांनी अर्ज लिहायला लावला. एका विमावाल्याला तर चाचांनी इतक्या वेळा अर्ज दुरुस्त करायला लावला, की जाताना तो म्हणाला, चाचा, तुम्ही आमच्या कंपनीत या.

पंधरा दिवस झाले. कडी एकदाही वाजली नाही. मी बांधून ठेवलेली बॅग पुन्हा माळ्यावर टाकली. आणि न मागता आणखी एक गोष्ट झाली. गावोगाव बातमी पसरली की लातुरात एक सर आहेत, त्यांना नुसतं भेटायचं तरी अर्ज द्यावा लागतो आणि दोन तास बसावं लागतं. त्या उन्हाळ्यात क्लासला जागा उरली नाही. नवरा आजही म्हणतो की मी फार चांगलं शिकवायचो. मी काही बोलत नाही.

पण चाचांच्या स्टुलाचा दबदबा जरा जास्तच पसरला. भूकंपाला सहा-सात महिने होत आले होते. औशाकडची, निलंग्याकडची माणसं भरपाईच्या यादीत नाव नाही, राहायला शेड मिळालं नाही, पंचनामा झाला नाही असले कागद घेऊन लातूरच्या कचेऱ्यांमधून फिरत होती. त्यांच्यातल्या कुणीतरी आमच्या दारावरून जाताना पाहिलं. तेच चाचा, तेच स्टूल, मांडीवर फाईल, समोर अर्ज लिहीत बसलेली माणसं. त्याने जो अर्थ काढायचा तो काढला. चाचा जिथे बसतात तिथे साहेब आत असणारच.

एका दुपारी मला बाहेर कुजबुज ऐकू आली. फटीतून पाहिलं तर कडुलिंबाखाली अकरा माणसं उकिडवी बसलेली. चपला काढून एका रांगेत ठेवलेल्या. चाचा नुकतीच ओट्यावर नमाज आटोपून आले होते आणि त्यांच्यापुढे हात हलवत सांगत होते, "इथं कचेरी न्हाई हो. आत लेकरू झोपलंय."

"हाव, हाव," एक पागोटेवाला समजूतदारपणे म्हणाला. "झोपू द्या. आम्ही बसतो."

"अरे बाबा, खरंच लेकरू हाय."

"आमी कुठं न्हाई म्हणतोव."

तीस वर्षं चाचांच्या थापांवर माणसं गप्प बसली होती. आता ते खरं बोलत होते तर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी बसली होती, पदराच्या गाठीत घडी घातलेला कागद. ती म्हणाली, "उठल्यावर एवढं सांगा सायबाला, लई लांबून आलेत म्हणून. यादीत नावच न्हाई माझं. घर तर सपाट झालं."

मला राहवेना. पोरगी तेवढ्यात जागी झालीच होती. तिला कडेवर घेऊन मी दार उघडून बाहेर आले आणि म्हणाले, "आजी, चाचा खरं सांगतायत. आत हीच झोपली होती."

पोरीने जांभई दिली. म्हातारी सावकाश उठली, जवळ आली, तिने पोरीचा पाय हातात धरला आणि हसायला लागली. हसता हसताच चाचांना म्हणाली, "दोन वर्साखाली इहिरीच्या कामाला आले होते मी. तवा तुमी म्हणलाव, सायब मीटिंगमधी हाईत. सांजपत्तुर बसले, मग गेले. आज तरी खरं बोललाव बाबा."

चाचा स्टुलावरून उठले. म्हातारीने पोरीला मागितलं, मी दिलं. ती तिला छातीशी धरून उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "आमच्या घरात बी एवढंच होतं एक." पोरगी तिच्या गळ्यातली काळी पोत ओढत होती. मला पोरीला परत घ्यायचं धाडस होईना.

चाचांनी टोपी सारखी केली. "आजी, कागद द्या," ते म्हणाले. उभ्यानेच उलटा धरून वाचला. "तारीख न्हाई. मी घालतो." मग बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "चला. सगळे चला माझ्या संगं."

म्हातारीने पोरीला माझ्या कडेवर दिलं. आणि त्या अकरा माणसांना घेऊन चाचा भर उन्हात कचेरीकडे निघाले. दारापुढे रिकामं स्टूल राहिलं.

ते गेल्यावर मी पोरीला पुन्हा थोपटून झोपवलं. अर्धा तास झाला असेल. बाहेर पावलं वाजली. मी उठणार तोच कडी वाजली. साधी नाही, गावाकडून आलेल्या बापाच्या हाताने, खणखणून वाजली.

पोरीने डोळे उघडले. तोंड उघडलं. मी झोळीशी पोचले. तिने माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, श्वास आत घेतला, आणि भोकाड पसरलं. मोठ्याने, रागाने, लालबुंद होऊन, जगातलं कुठलंही लेकरू झोपमोड झाल्यावर रडतं तसं. ओठ निळे पडले नाहीत. मी तिला उचललं आणि तिच्याहून जोरात रडायला लागले. दार उघडलं तेव्हा तो बाप घाबरून दोन पावलं मागे सरला. "मी मागाहून येतो," म्हणाला. मी म्हणाले, "नाही, आत या, बसा, चहा घ्या." त्याच्या मुलाला क्लासमध्ये बिनअर्जाची जागा मिळाली. तसा तो एकटाच.

चाचा दिवेलागणीच्या आधी परतले. टोपी वाकडी, सदरा घामाने भिजलेला. कचेरीत त्यांच्या जागेवर आता दुसरा चपराशी होता. "मला सांगतो, साहेब मीटिंगमध्ये हाईत," चाचा म्हणाले. "मला. मी म्हणलं, बेटा, हे वाक्य माझं हाय. अन् दार ढकललं." नोकरीत घंटी वाजल्याशिवाय ते दार त्यांनी कधी ढकललं नव्हतं. आत साहेब डबा खात होते. चाचा खाकरले, अकरा अर्ज टेबलावर ठेवले, आणि साहेबांनी हात धुऊन ते एकेक वाचून होईपर्यंत तिथेच उभे राहिले. म्हातारीचं नाव पुढे यादीत लागलं. ते सांगायला ती चिंचा घेऊन आली, तेव्हा चाचांनी तिला सरळ आत पाठवलं. भर दुपारी दीड वाजता.

त्या संध्याकाळी मी चाचांना कडीची गोष्ट सांगितली. ते उड्या मारतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला, अल्लाचं नाव घेतलं, आणि मग स्टुलाकडे बघत म्हणाले, "म्हणजे माझी ड्यूटी संपली म्हणायची."

मी म्हणाले, "तिची झोप झाली हो चाचा. माझी दहा महिन्यांची राहिलीय."

चाचांनी जरा विचार केला. "तुझी झोप किती वाजता असती?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं, एक ते तीन. पोरगी शाळेत जायला लागेपर्यंत मी रोज दुपारी एक ते तीन झोपले. इतकी निवांत झोप मला माहेरीसुद्धा मिळाली नव्हती.

पुढे आम्ही स्वतःचं घर बांधलं. त्या गल्लीत क्लास आले, मेस आल्या, मुलींची वसतिगृहं झाली. चाचांनी घर विकलं नाही. लेक बारावीत गेली तेव्हा तिचा क्लास त्यांच्याच गल्लीत होता, आणि मधल्या सुट्टीत ती त्यांच्याकडे जाऊन बसायची. त्या वर्षी चाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी दुपारी पडून राहायला सांगितलं होतं, आणि अख्खी गल्ली दुपारीच त्यांना बघायला जात होती.

मी एकदा पुरणपोळ्यांचा डबा घेऊन गेले. दीड वाजला असेल. दाराबाहेर स्टुलावर माझी लेक बसली होती, पाठ दाराला लावून, मांडीवर रसायनशास्त्राचं पुस्तक. मी पुढे होऊन कडीला हात घातला. तिने तो हळूच बाजूला केला.

"बसा," ती म्हणाली.

"अगं, मी आहे."

"चाचा झोपलेत. पाणी घ्या." आणि वहीतून एक कोरा कागद फाडून तिने माझ्यापुढे धरला. चेहऱ्यावर हसू नव्हतं. आतून चाचांचं घोरणं ऐकू येत होतं, अगदी शांत, एका लयीत.

मी ओट्यावर टेकले, डबा बाजूला ठेवला आणि तिचंच पेन मागून घेतलं. सगळ्यांत आधी वर तारीख घातली. तारीख नसली तर अर्ज परत आला असता.